नाव बाईंनी घ्यायचं नाही

साधं मीठ मागायचं तरी चार प्रश्न विचारून ते समोरच्याच्या तोंडून वदवून घेणारं माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर एकच निघालं, आणि ते माझ्या वाट्याला धाकटी नणंद म्हणून आलं. जन्मापासून ती काही अशी नव्हती. तुडीलहून रोज महाडला डी.एड.ला जायला लागली आणि तिथे तिला शिकवलं, की धड्याचं नाव बाईंनी आधी घ्यायचं नाही. प्रश्न असे विचारायचे की नाव मुलांच्याच तोंडून यावं. याला प्रस्तावना म्हणतात. वर्गात ती चार-पाच मिनिटांची असते म्हणे. आमच्या घरी दोन वर्षं चालली.

ताटावर बसली की सुरू. "वहिनी, समुद्राचं पाणी चवीला कसं?" खारट, मी म्हणायची. "छान. ते आटलं की खाली काय उरतं?" तोवर तिची आमटी निवून जायची. सकाळी फाट्यापर्यंत सोडायला हवं असलं की माझ्या नवऱ्याला विचारायची, "दादा, दोन चाकांवर काय काय चालतं?" तोही कमी नाही, तो "हातगाडी" म्हणायचा. "छान. अजून कोण सांगेल?" ओटीवर त्याच्याशिवाय कोणी नसायचं. दोघांच्या या पाठात निम्म्या वेळा एस.टी. निघून जायची. सासूबाई वैतागायच्या. "तोंडात जीभ हाय ना गो? मग माग की सरळ." गणपतीत, धड्याआधी लिहून काढतात ते पाठ टाचण तिने मोदकांचंसुद्धा काढलं होतं. उद्दिष्ट, कळ्या पाडता येणे. मूल्यमापन, फुटलेले सात. त्यातले पाच तिचेच होते.

आम्ही हसायचो. मग एकदा सव गावाच्या बाजूच्या एका शाळेत तिचा सराव पाठ झाला. धडा विहिरीचा होता, तपासायला मॅडम मागच्या बाकावर. हिने विचारलं, जमिनीतून येणारं पाणी कसं असतं? मुलं तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांशेजारी वाढलेली. पोरं म्हणाली, गरम. अजून कसं? खूप गरम. पुढे वर्ग जो गप्प झाला तो झालाच. हिने प्रश्नावर प्रश्न विचारले, एकही हात वर झाला नाही, आणि पाठीमागे लपवलेलं विहिरीचं चित्र घंटा होईपर्यंत पाठीमागेच राहिलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने काहीच मागितलं नाही. आमटी अळणी होती, तशीच जेवली.

तरी ती पास झाली, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर तिची नेमणूक झाली. शाळेत अकरा मुलं. निघायच्या आदल्या दुपारी ती चित्रतक्ते गुंडाळत होती, मी दोरी धरून बसले होते. "वहिनी, नव्या ठिकाणी जाताना माणसाला काय वाटतं?" आनंद, मी म्हटलं. "छान. अजून?" भूक लागते, मी म्हटलं, मला वाटलं डब्याचं विचारतेय. तिने हातातला तक्ता उलगडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाली, "पोरं बोललीच नाहीत तर?"

दोन वर्षांत ती माझ्याशी सरळ बोललेली ही पहिलीच वेळ. मला फार वाईट वाटलं. मी दोरीची गाठ मारून दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिचा फोन आला. मी घाबरतच घेतला.

"वहिनी, कोणी बोललं नाही गं. चार प्रश्न झाले, पाच झाले."

"मग?"

"मग पहिलीतली एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, बाई, तुमाला म्हाईत हाय ना? मंग सांगा की सरळ."

"मग काय केलंस?"

"सांगितलं. विहीर म्हटलं. तर सगळी एकदम सुटली, आमची विहीर, आमच्या मामाची विहीर, विहिरीत पडलेली शेळी. मला बोलूच देईनात."

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मी काय सांगत होते इतके दिवस?" आणि पदराने डोळे पुसले.

परवा शनिवारी ती घरी आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "वहिनी, चहा टाक." चांगलं सरळ, चार शब्दांच्या आत. याच दिवसासाठी मी दोन वर्षं देव पाण्यात ठेवले होते, आणि आता ऐकून कसंसंच झालं. मी जागची हलले नाही. विचारलं, "दमून आलेल्या माणसाला आधी काय लागतं गो?"

तिने पिशवी खाली ठेवली. जरा हसली, मग हसता हसता थांबली.

"घर," ती म्हणाली.

मला 'चहा' हे उत्तर हवं होतं. पण मी "छान" म्हटलं, आणि आधण ठेवलं.