दुर्बीणरावांचा सबवूफर

पत्र्याच्या कारखान्यात सोळा प्रेस एकदम चालत. तिथं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी समोरच्याला फक्त थुंकीचे शिंतोडे कळत. त्यामुळे ओरडायचं सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. नवा माणूस महिनाभर "आँ? आँ?" करत फिरे, मग त्याचेही डोळे ऐकायला लागत. या विद्येत आठ नंबरच्या प्रेसवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेडच्या पार दुसऱ्या टोकाला फोरमन कुणाची खरडपट्टी काढतोय, ते तो इकडे पायडलवर पाय ठेवून शब्दन्‌शब्द सांगे, शिव्यांसकट. म्हणून त्याचं नाव दुर्बीण पडलं. सव्वीस वर्षं झाली, तसा त्याला मागे 'राव' चिकटला.

त्याची बायको शिवणकाम करायची. पायमशीन घराच्या खिडकीशी होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली. मशीन विकलं, कपडे वाटले, मागे राहिली एक कॅसेट. तिचा थोरला भाऊ लांबच्या देशात, आणि पत्र लिहायचा हिला भारी कंटाळा. म्हणून एकदा तिनं टेपरेकॉर्डर पायमशीनच्या फळीवर ठेवला आणि शिवता शिवता भावाशी बोलत बसली. "हं, दादा, ऐक. तू तिकडे नीट जेवतोस का, की नुसता चहा ढोसतोस? खोटं बोलू नकोस, तुझ्या आवाजावरून मला कळतं. आणि ते स्वेटर घाल, भिंतीवर टांगायला नाही विणलं." असं पाऊण तास. कॅसेट पोस्टात टाकायची राहून गेली.

दर रविवारी दुपारी दुर्बीण स्टिरिओसमोर खुर्ची ओढी आणि ती लावी. मधे एके ठिकाणी तिचा आवाज लांब जाई आणि मग ती जरा वेळ गप्प होई. तेही त्याला आवडायचं. "सुई ओवतेय," तो म्हणे.

पण दीडएक वर्षापासून काहीतरी बिनसलं होतं. आधी तिचे स आणि श गेले. मग शब्दांच्या कडा झिजल्या. आता तर पलीकडच्या घरात कोणी बाई बोलते आहे, एवढंच कळे.

"आई पुसली जातेय," तो मुलीला म्हणाला.

मुलगी औषधांच्या दुकानात काउंटरवर असे आणि घरी येऊन सगळ्या गिऱ्हाइकांची सोंगं काढी. खोकल्याचं औषध कुजबुजत मागणारे आजोबा, उधारी मागताना एकदम गोड होणारी बाई, सगळी तिच्या तोंडात मुक्कामाला. आईची कॅसेट तर तिला इतकी पाठ होती की टेप चालू झाला की तिचे ओठ आपोआप सोबत हलत. ती बापाच्या मागे कॉटवर बसलेली असे, त्यामुळे त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं.

"मला तर येतंय ऐकू, बाबा."

पोरगी मन राखायला बोलते, असं त्यानं धरलं. फोन आला तर तो तिच्याकडे सरकवी. "माझ्याशी सगळे पुटपुटतात." टीव्हीवर बातम्या देणारी बाई मात्र स्पष्ट बोलते, हे तो आवर्जून सांगे.

अशात एका दुकानाच्या दारात त्याला सबवूफर भेटला. कुठलंसं गाणं चालू होतं आणि काळ्या डब्यातून असा धक्का येत होता की बरगड्या हलल्या. कितीतरी दिवसांत एवढं साफ काही त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. याला म्हणतात आवाज, तो मनाशी म्हणाला. किंमत विचारली आणि हात खिशातून बाहेर काढला.

जिन्याखाली रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मालकाला सगळे मिशा म्हणत, कारण नाकाखाली झाडू बांधल्यागत मिशी आणि तिच्यामागे ओठ आहेत की नाहीत, हे त्याच्या बायकोलाच ठाऊक.

"नवा घ्यायचा तर दोन पगार," मिशा म्हणाला. "माझ्या हातचा घ्यायचा तर दोन रविवार."

"तोंड वर करून बोला हो जरा. सगळं मिशीत अडकतंय."

"चाळीस वर्षं याच मिशीतून धंदा करतोय, दुर्बीणराव. अजून कोणी गाळणी मागितली नाही."

दोन रविवार ते दोघं खपले. भंगारातल्या गाडीतून आठ इंची स्पीकर आणला. दुर्बिणीच्या घरी बायकोचं कापड ठेवायचं कपाट होतं, त्याची जाड फळी कापून खोका केला. सांधे सरस आणि लाकडाच्या भुशानं लिंपले, हवा सुटू नये म्हणून. एका मोडक्या सेटमधला ॲम्प्लिफायर आत बसवला. खोक्यात डोकं घालून तारा जोडता जोडता मिशा म्हणाला, "एक ध्यानात घ्या. हा बाईमाणसाचं बोलणं नाही वाढवणार. पाऊल, दार, यंत्राची घरघर, असलं जाड तेवढं काढेल. बोलण्यासाठी घेत असाल तर आत्ताच सांगा, राहू दे."

दुर्बिणीला खोक्याबाहेर आलेली त्याची पाठ दिसली. कारखान्यात करतात तशी त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "झकास होऊ दे."

तिसऱ्या रविवारी डबा घरी आला. वायर आखूड निघाली, म्हणून तो दाराजवळच्या कोपऱ्यात बसला आणि खुर्चीही फिरवावी लागली. आता दुर्बिणीचं तोंड कॉटकडे, मुलीकडे.

मिशानं कॅसेट लावली. फळीवरचे पेले किणकिणले, ते मुलीला ऐकू आलं. दुर्बीण पुढे झुकला.

"लावा की."

"लावलीय," मिशा म्हणाला आणि स्टिरिओच्या मागे जाऊन तारा चाचपू लागला. "कॅसेट किती जुनी?"

त्यानं मागूनच पुन्हा विचारलं.

"दुर्बीणराव, कॅसेट किती जुनी?"

दुर्बीण स्वस्थ बसलेला. मिशानं मुलीकडे पाहिलं. मग पक्कड हातातून मुद्दाम फरशीवर टाकली. मुलगी दचकली. बापाची मान वळली नाही.

मिशा समोर येऊन उकिडवा बसला. दोन बोटांनी त्यानं मिशी वर धरली. खाली खरोखरच ओठ होते, पातळ, लहान मुलासारखे.

"डबा ठीक आहे," तो म्हणाला. "टेप ठीक आहे. कॅसेटही ठीक आहे. कान गेलेत तुमचे."

हे त्याला पहिल्या झटक्यात कळलं. कोणी इतकं स्पष्ट बोललंच नव्हतं. तो बराच वेळ त्या ओठांकडे बघत राहिला, अजून काही येतंय का म्हणून. मग मुलीकडे वळला.

"कधीपासून?"

"काय माहीत. समोर असलं की तुम्हाला सगळं कळायचं." ती म्हणाली. "मागून हाक मारली तर ओ देत नव्हता. आम्हाला वाटायचं, लक्ष नसतं."

"कारखान्यात बोलू नका," तो मिशाला म्हणाला. "प्रेसवरून काढून गेटवर बसवतील."

"मी कशाला बोलतोय," मिशा म्हणाला. मिशी पुन्हा खाली आली होती, त्यामुळे तेही वायाच गेलं. पक्कड उचलून तो निघाला. दार त्याच्यामागे तसंच उघडं राहिलं.

कॅसेट चालूच होती. बंद करायला कोणी उठलं नाही. दुर्बिणीनं चपला काढल्या होत्या. तळव्यांना फरशीतून काहीतरी लागत होतं. धड धड धड धड, मग जरा सावकाश, मग पुन्हा घाईत.

"हे काय?"

मुलीनं खाली वाकून डब्याला कान लावला. "मशीन," ती वर बघून म्हणाली. "आईचं पायमशीन. हे आपल्या स्पीकरमधून कधी येतच नव्हतं."

सव्वीस वर्षं पायडल मारलेल्या पायाला ते लगेच समजलं. सरळ शिवण. आता कोपरा आला, वळली. आता लांब बाही. त्याचा अंगठा आपोआप तिच्याबरोबर उचलायला लागला. शब्द एकही नव्हता, पण पाय तिचाच होता, जरा उजवीकडे जोर देणारा. दुर्बिणीच्या तोंडावर हसू आलं.

धडधड थांबली.

"सुई ओवतेय," तो म्हणाला आणि मुलीला ते सांगायला त्यानं मान वर केली.

मुलगी पुन्हा कॉटवर जाऊन बसली होती. नजर कुठेतरी जमिनीवर, आणि ओठ सवयीनं टेपबरोबर हलत होते. या गप्प जागेतही हलत होते. दुर्बिणीनं ते वाचले, फोरमनचे वाचायचा तसे.

अहो.

अहो, ऐकताय का? दार लोटा जरा, वारं येतंय. कापड उडतंय माझं.

अहो.

मग ओठांचे कोपरे खाली आले. बायको असंच करायची, पोरीनं हुबेहूब उचललं होतं. बघ दादा, इथंच बसलेत पाठ करून. ढिम्म हलत नाहीत. जाऊ दे.

फरशीतून पुन्हा धड धड सुरू झालं.

मुलीनं वर पाहिलं, तेव्हा बाप खुर्चीतून उठला होता. तो दाराशी गेला, दार लोटलं, कडी घातली आणि कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.