मामंजी आणि माझं फ्रूट कॉकटेल

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, दुपारची झोप झाली की धोतराचा सोगा सावरत थेट स्वयंपाकघरात येत आणि फ्रीजच्या अंगाला हात लावून बघत. तळहात नाही, पालथा हात. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. क्षणभर थांबत, मान हलवत आणि म्हणत, "तपून राह्यला बिचारा." मग भिंतीवरचं बटण बंद. अंगणातली मुलं हातपाय धुऊन घरात शिरायच्या जरा आधी हा विधी व्हायचा आणि दिवेलागणीला मामंजी स्वतःच्या हाताने बटण पुन्हा चालू करायचे. मधल्या वेळात फ्रीजरमध्ये जे काही असेल त्याचं पाणी व्हायचं. आणि त्या मधल्या वेळात फ्रीजरमध्ये जे काही असायचं ते बहुतेक वेळा माझं असायचं.

मी नागपूरची. लग्न होऊन वर्ध्याला आले तेव्हा आम्ही पिपरी मेघेला दोन खोल्यांच्या घरात राहायचो. सासूबाई गेल्यावर मामंजी रोहणा गावातलं घर आणि वावर पुतण्यांच्या हवाली करून आमच्याकडे आले. पुढे ऐंशीच्या सुमारास आमच्या ओळीत पहिला फ्रीज आला तो आमच्या घरी. तो आला त्या दिवशी मी मनाशी एकच ठरवलं. लग्नाआधी नागपुरात पाककृतींच्या वर्गात एका बाईंनी आम्हाला गोठवलेलं फ्रूट कॉकटेल शिकवलं होतं. फळांचे बारीक तुकडे, साखरेचा पाक, संत्र्याचा रस, लिंबू, सगळं एका चपट्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि दगडासारखं घट्ट झालं की वडीसारखं कापून वाढायचं. बाईंनी काचेच्या बशीत एकेक तुकडा दिला होता. आत लाल, पिवळी, हिरवी फळं अडकलेली दिसत होती. मला तेव्हा वाटलं होतं, आपलं घर झालं की उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे हेच ठेवायचं. सासरी सगळं सासरच्या पद्धतीचं होतं, भाजीच्या फोडणीपासून अंथरुणाच्या घडीपर्यंत. हा एक पदार्थ तेवढा माझा असणार होता.

नाव ऐकून हे म्हणाले, "कॉकटेल? दारूबंदीच्या जिल्ह्यात हळू बोल जरा." त्यापलीकडे त्यांनी या प्रकरणात कधी भाग घेतला नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात मी नदीच्या वाडीतलं डांगर आणलं, टरबूज आणलं, द्राक्षं, चिकू, उशिराची संत्री. डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. सगळं बेतानं चिरून डबा भरला. आमच्याकडच्या उन्हाळी व्होल्टेजला एका रात्रीत काठ तेवढे धरत. मधलं घट्ट व्हायला दुसरा सगळा दिवस लागे, आणि दुसऱ्या दिवशी दुपार येई. दुपारी मामंजी येत. संध्याकाळी मी डबा उघडला की वर साखरेची साय आणि खाली गार सरबत. मुलं ते पेल्यात ओतून पीत आणि म्हणत, "छान झालं आई." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी पदर सावरून सांगायला गेले. "मामंजी, हा आपोआप बंद होतो नि आपोआप सुरू होतो. त्याला आपण थांबवावं लागत नाही."

"आपल्या मनानं?"

"हो."

"रोहण्याची विहिरीवरची मोटर बी कंपनीवाला असंच म्हने. मोटरले जीव असते बाई. मानूस दुपारी आडवा होते का नाई?"

"पण तो माणूस नाहीये ना."

"म्हनून तं. मानूस सांगते तरी, मी थकलो म्हनून."

मी डोक्याला हात लावला. मामंजींशी वाद घालताना नेहमी असंच व्हायचं. ते आवाज चढवत नसत, रागावत नसत, तुमचं सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग उठून त्यांना करायचं तेच करत. माझ्या माहेरी भांडणं व्हायची ती दणकून व्हायची आणि संपायची. इथे भांडण सुरूच होत नव्हतं, त्यामुळे संपतही नव्हतं.

एकदा मी बटणावर चिकटपट्टी लावली. मामंजींनी ती पाहिली, पट्टीचा मान राखला आणि बटणाला न शिवता खालची पिनच उपसून ठेवली. एकदा मी मुद्दाम दुपारी तिथेच पाट टाकून तांदूळ निवडत बसले. ते आले, पालथा हात लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जरा पानी द्याल का?" मी माठाकडे वळले तेवढ्यात काम झालं होतं! पाणी मात्र त्यांनी प्यायलं, पूर्ण पेला, खाली ठेवून "गार हाय" म्हणाले. गार पाणी माठाचंच हवं, फ्रीजच्या पाण्याने घसा धरतो, हे त्यांचं ठरलेलं मत.

बाकी माणूस लाख. मुलांची आजारपणं त्यांनी काढली, पहाटे उठून अंगण झाडलं, मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. भाजीवालीला आत बोलावून आधी पाणी पाजत, मग भाव विचारत. मी शिवणाच्या परीक्षेला बसले तेव्हा आठवडाभर मुलांना आंजीच्या नातेवाइकांकडे घेऊन गेले. पण या चांगुलपणामुळेच मला त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही आणि तो न काढलेला राग दर उन्हाळ्यात फ्रीजसमोर उफाळून यायचा. हे असं चार-पाच उन्हाळे चाललं. मी म्हणे नागपूरहून मोठे मोठे पदार्थ शिकून आलेली, आणि माझ्या हातचं ते प्रसिद्ध कॉकटेल ओळीतल्या एकाही बाईने पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या भोयरबाई तर भेटल्या की विचारायच्या, "का वो, जमलं का तुमचं ते?"

शेवटी मी जिवावर उदार झाले. चैत्रात आमच्या बायकांची भिशी माझ्याकडे होती. मी सगळ्यांना सांगून टाकलं, यंदा माझ्याकडे फ्रूट कॉकटेल. मग मामंजींच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हटलं, "दोन दिवस. फक्त दोन दिवस बटणाला हात लावू नका. माझी इज्जत तुमच्या हातात आहे."

मामंजींनी आधी फ्रीजकडे पाहिलं. मग म्हणाले, "बटनले हात नाई लावत बाई. शब्द देल्ला."

आणि त्यांनी शब्द पाळला. पण कसा? ते दोन्ही दिवस त्यांनी फ्रीजशेजारी खुर्ची टाकली. दुपारची झोप सोडली. हातात काठी. मुलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की "चला बाहीर!" मुलांना पाणी हवं असेल तर ते स्वतः उठून देत. मला वाटलं, हट्ट मोडला म्हणून रुसलेत. मी दुर्लक्ष केलं. माझ्या डोळ्यांपुढे काचेच्या बशा होत्या.

भिशीच्या दिवशी बायका जमल्या. चिवडा झाला, गप्पा रंगल्या. कॉकटेल मी शेवटी काढणार होते. तेवढ्यात भोयरबाईंची पिंकी अंगणात पाण्यात खेळून तशीच ओल्या हातांनी, अनवाणी, धावत स्वयंपाकघरात गेली. आणि आतून काठीचा आवाज आला, पिंकीची किंकाळी आली आणि काहीतरी तडकल्यासारखं ऐकू आलं.

आम्ही धावलो. पिंकी फ्रीजपुढे जमिनीवर बसून मनगट धरून रडत होती. मामंजींनी तिच्या हातावर काठी मारली होती. त्यांच्या हातात फ्रीजची पिन होती, आणि तिच्यासोबत भिंतीतला अख्खा बोर्ड उपसून आलेला होता. भोयरबाईंनी पोरीला उचललं, तिच्या मनगटावरचा वळ पाहिला, मामंजींकडे पाहिलं आणि निघून गेल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. कुणी चपला शोधल्या, कुणी "येतो वो" म्हटलं. घर रिकामं झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पदर-बिदर काही पाहिलं नाही. "मामंजी, माझं एवढंसं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?"

ते भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "बटनले हात नाई लावला मी."

मला हसावं की रडावं कळेना. मी रडले. डबा त्या बंद फ्रीजमध्ये तसाच राहिला. मी तो उघडलाच नाही. तेव्हा ते घट्ट झालं होतं की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी हे घरी आले. मामंजी व्हरांड्यात बसले होते, चहा तसाच निवलेला. यांनी विचारलं, "बाबा, पोरीला कशाला मारलं?" मामंजींनी कप बाजूला सारला. मग ते माझ्याकडे बघून बोलले, मुलाकडे नाही.

"उत्तम माहीत हाय ना तुमाले? माह्या पाठचा."

माहीत होता. यांचे काका, विहिरीवर गेले, तरुणपणी, एवढंच घरात बोललं जायचं.

"मोटर चालू होती. उनाचे दिवस. संत्र्याची कलमं सुकून राह्यली होती, म्हनून मी बंद नाई करू देल्ली. मीच म्हनलं त्याले, तपली का पाह्य बरं. तो पाटातून पानी मोडून आला होता, हात ओले, पाय ओले. हात ठेवला त्यानं. मंग उचललाच नाई." त्यांनी स्वतःचा हात पालथा केला. "सुलटा हात चिकटते बाई. उलटा लावला तं फेकून देते. हे मले मांगून समजलं."

मुलगा असून यांनाही हे पहिल्यांदा कळत होतं. फ्रीज उघडताना बोटांना झिणझिणल्यासारखं व्हायचं ते मला आठवलं. तेव्हा घरोघरी व्हायचं. रबरी चप्पल घालून उघडायचा, झालं. मी ते मनावर घेतलं नव्हतं, कुणीच घेतलं नव्हतं. आणि हा माणूस मुलं ओल्या हातांनी घरात शिरायच्या आधी रोज स्वतःचा हात लावून पाहत होता.

मला त्यांची कीव आली हे खरं. पण त्याहून जास्त संताप आला, आणि तो मी आजही लपवत नाही. एवढी वर्षं! "मोटरले आराम पायजे" म्हणण्याऐवजी "शॉक लागतो" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तेच विचारलं. "मामंजी, सांगितलं का नाही?"

"तुमच्या सासूले बी नाई सांगतलं," ते म्हणाले. जणू यात सगळं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. घरात अर्थिंग नावाची गोष्टच नव्हती. त्याने मागच्या अंगणात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा घालून पाइप पुरला, तार जोडली, बोर्ड नवा बसवला. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. इतक्या उन्हाळ्यांचं भांडण जेवणाआधी संपलं! मामंजी खड्ड्याशेजारी उकिडवे बसून सगळं पाहत होते. वायरमन गेल्यावर ते भोयरबाईंच्या घरी गेले आणि पिंकीला कडेवर घेऊन परत आले. बाईंना ते काय बोलले, मला माहीत नाही. भोयरबाईंनी पुन्हा कधी त्या दिवसाचा विषय काढला नाही.

त्यानंतर लगेच अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने मातीचा करा पाण्याने भरतात, त्यावर आंबा किंवा डांगर ठेवतात, पुढे जेवणाचं पान वाढतात. डबा मी दोन दिवस आधीच भरला होता आणि तेव्हापासून फ्रीज एकदाही बंद झाला नव्हता. दुपारी पान वाढल्यावर मी डबा पालथा केला आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. कडक! सुरी गरम पाण्यात बुडवून कापावं लागलं. आत टरबुजाचा लाल तुकडा, संत्र्याची फोड, हिरवं द्राक्ष, अगदी वर्गातल्या बाईंच्या बशीत दिसलं होतं तसं. मी मुलांना हाका मारल्या, यांना हाक मारली, भोयरबाईंकडे निरोप धाडला. सगळ्यात चांगली, सरळ कापली गेलेली वडी काचेच्या बशीत घालून मामंजींपुढे धरली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. देवघराशी गेले आणि उत्तमकाकांच्या कऱ्यापुढे, वाढलेल्या पानाशेजारी, ती बशी ठेवली. मग स्वतः तिथेच मांडी घालून बसले.

उन्हाळ्याची दुपार. खोलीत दिवा, उदबत्ती, पत्र्याचं छप्पर. वडीचे कोपरे पाहता पाहता गळाले. बशीत पाणी साचायला लागलं. द्राक्ष सुटून बाजूला घरंगळलं. दारात भोयरबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि इतक्या वर्षांनी एकदाचं जमलेलं माझं कॉकटेल त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी होत होतं. मला राहवलं नाही. मी वाकून म्हटलं, "मामंजी, नैवेद्य दाखवून झाला. आता बशी आत ठेवते. सगळं वितळून चाललंय."

मामंजींनी बशीवर हात आडवा धरला. नजर तिथून हलली नाही.

"वितळून नाई राह्यलं बाई," ते म्हणाले. "तो खाऊन राह्यला."