महाडला दोन खेळ पाहिले

पोलादपूरहून महाडला एसटीने जायला तासही लागत नाही, मला अख्खी सकाळ लागली. कंडक्टर "महाड एमआयडीसी" म्हणाला, त्यातलं महाड ऐकून मी उतरले. समोर कारखाने आणि डबे घेऊन चाललेले कामगार. त्यातल्या एका बाईने मला खालीवर पाहिलं. "आजी, सेकंड शिफ्ट हाय काय तुमची?" मग तिनेच मला रिक्षात बसवून दिलं. रस्त्याकडेचं भात पिवळं पडायला लागलं होतं. सावित्री नदी शहाण्यासारखी वाहत होती.

महाडला पोचले तेव्हा माझी लेक कामावर गेली होती. घरी नात सायली आणि खालच्या मजल्यावरची तिची मैत्रीण आफरीन, दोघी तोंडं फिरवून बसलेल्या. कॉलेजात कंप्युटरवरच्या लढाईच्या खेळांची स्पर्धा होती. नाव जोडीने द्यायचं, खेळ एकच निवडायचा आणि पाचच्या आत कळवायचं. दोघी वर्षभर या स्पर्धेची वाट बघत होत्या. सायलीला एक खेळ हवा, आफरीनला दुसरा. माझा नसेल तर मी नाही, असं दोघींनी सकाळीच सांगून टाकलेलं.

मी म्हटलं, आधी मला दाखवा तरी.

सायलीचा खेळ पाळीचा. आपण एक चाल करायची, मग दुसऱ्याने. मध्ये चहा होतो. मला एक राज्य दिलं. नदीकाठी गाव वसव, धान्य जास्त येतं, असं सायली सांगत होती. मी डोंगरावर वसवलं. सावित्रीच्या पुरात बुडणाऱ्या महाडात राहून नदीकाठ सुचवते म्हणजे कमाल आहे. तासाभरात माझी चार शेतं आणि एक देऊळ झालं. मला आवडला.

आफरीनच्या खेळात पाळीच नाही. सगळे एकदम सुटतात. लाकूड तोडा, खाण खणा, शिपाई उभे करा, तोवर शत्रू कुंपणावर. आफरीनची बोटं दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी चालत होती. हा खेळ लावणीच्या दिवसांसारखा, पाऊस कुणासाठी थांबत नाही. दोघी दोन लॅपटॉपवर एका बाजूने खेळल्या आणि दोनदा हरल्या.

का हरल्या ते मला दिसत होतं. आफरीनचं गाव जळत होतं आणि सायलीचे शिपाई आपल्या वेशीवर उभे होते.

"तुझी मानसं बसून का हाईत गो?"

"ती माझ्या गावासाठी आहेत, आजी."

मग मी त्यांना सावड (आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या) समजावली. एकटीने लावणी केली तर रोपं वाळतात, हेही सांगितलं.

"आणि ती आली नाही तर?" सायलीने विचारलं.

"येईन गो," आफरीन म्हणाली.

तिसऱ्या वेळी सायलीने सगळी माणसं आफरीनकडे धाडली. शत्रू तिथून हटला आणि सायलीवर आला, तेव्हा आफरीनची फौज आधीच वाटेला लागलेली. जिंकल्या.

पावणेपाचला सायलीने आफरीनच्या खेळाचं नाव कळवलं. तिला जड गेलं, तोंडावर दिसत होतं. आफरीन म्हणाली, पुढच्या वर्षी तुझा खेळ. मी म्हटलं, सावड पुढच्या वर्षावर ठेवत नाहीत, वार सांग. स्पर्धेनंतरच्या पहिल्या रविवारी सायलीचा पाळीचा खेळ खेळायचा, असं ठरलं. आफरीनच्या आईने सांदणं (तांदळाच्या रव्याच्या वाफवलेल्या गोड इडल्या) पाठवली. गोड कमी होती, तरी मी चार खाल्ली.

परतताना बरोबर पोलादपूरलाच उतरले. वाडीतल्या बायका विचारतात, कुठला खेळ चांगला. भात घरात आलं असेल तर सायलीचा. ढग डोक्यावर असतील तर आफरीनचा. पण दोन्ही खेळांत माणूस एकटा पडला की संपला, एवढं मला कळलं.

स्पर्धेत दोघी दुसऱ्याच फेरीत बाद झाल्या. फोनवर सायली कुणाचं काय चुकलं ते सांगायला लागली. मी मध्येच विचारलं, रविवारी आफरीन आली होती का.

आली होती. तिसऱ्या पाळीला झोपली, पण आली होती.