पाठीचा डाग

अंबडजवळच्या गावातलं मातीचं माळवद पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं. जुन्या घरात वडील टेकून बसायचे तिथं भिंतीवर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग होता.

परवा मोबाइलवर त्यांना चीनमधलं एक जुनं गाव दाखवलं. जाडजूड मातीच्या भिंती, कोरीव दारं, सगळं जपलेलं. वाटलं, खूश होतील.

"इथं राहतं कोण? एकाबी भिंतीला डाग न्हाई."

"कुणीच नाही, दादा. लोक तिकीट काढून बघायला येतात."

"मंग मेलंच की गाव!"

मोबाइल माझ्या हातात कोंबून ते सरकून बसले. नेहमीसारखेच, रंग खराब होऊ नये म्हणून भिंतीपासून वीतभर लांब.

आमच्या घरातही अजून एकाही भिंतीला डाग नाही.