साडूंची हजेरी

माझ्या साडूंएवढा भित्रा माणूस सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि अशा माणसाने सांगलीच्या विश्रामबागेत कॉम्प्युटरचा क्लास काढावा ही देवाने केलेली थट्टाच. नव्वदचं दशक सरत आलं होतं. साडूंना विजेची भीती वाटे आणि वीज गेली की त्याहून जास्त. मी साताऱ्याला परत निघालो की एष्टीच्या खिडकीशी उभे राहून बजावायचे, "पाव्हणं, पोचला की फोन करा." मी घराचं कुलूप काढेपर्यंत फोन आत ठणाणत असे.

सकाळी मशीन सुरू होताना तर त्यांचा जीव मुठीत असे. मशीन चालवणारं लिनक्स सुरू होताना पडद्यावर इंग्रजी ओळी सोडतं: मेमरी सापडली, डिस्क सापडली, कीबोर्ड सापडला. साडू आवाज ऐकू यावा म्हणून पंखा बंद करून प्रत्येक ओळीला हजेरी घेतल्यासारखं "हाय" म्हणत. त्यांचे वडील जतकडचे मेंढपाळ. कळप वाड्यात शिरताना एकेका मेंढराला तेही असंच "हाय" म्हणायचे. "कळप गप झाला की लांडगा आला समजायचं," हे साडूंचं ब्रह्मवाक्य.

मेव्हणीला मात्र त्या काळ्या पडद्याचा वैताग. "पोरांचं आईबाप बघूनच माघारी जात्यात," म्हणत तिने एका जाणकाराकडून ओळी लपवून घेतल्या आणि तिथे कमळाचं चित्र बसवलं. त्याच आठवड्यात मी तिकडे असताना भरदुपारी वीज गेली. पोरांचं वर्षाचं काम त्या एकाच डिस्कवर आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा. वीज आल्यावर साडूंनी मशीन लावलं, तर पडद्यावर नुसतं कमळ. ते हलेना.

"पाव्हणं, बोलंना की वो! मेलं का जितं?" साडू घामाने निथळत होते. "बंद करून परत लावू," म्हणत मी बटणाकडे हात नेला. साडूंनी तो घट्ट धरला. "न्हाई! अंधारात वाड्यात घुसायचं नसतंय. कळप उधळतो. उभं राहून ऐकायचं." त्यांनी मशीनच्या डब्याला कान लावला. बऱ्याच वेळाने चेहरा उजळला. "कुरकुरतंय आत. चरतंय, पाव्हणं!" वीज अचानक गेल्यामुळे मशीन आपणहून डिस्क तपासत होतं; मी बटण दाबलं असतं तर पोरांचं काम बुडालंच असतं. मेव्हणीने आणलेला चहा थंड झाला तेव्हा कमळ गेलं आणि सगळ्या फायली जागेवर सापडल्या. साडूंनी संध्याकाळच्या आत ओळी परत आणवल्या.

पुढे एका पहाटे ते झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. दिवस करून मी साताऱ्याला आलो, कुलूप काढलं. घरात फोन गप्प होता. मी बराच वेळ त्याच्याशेजारी बसलो, आणि खरं सांगतो, मला फार भीती वाटली. शेवटी मीच त्या फोनला साडूंच्या बोलीत म्हणालो, "पाव्हणं, तुमी पोचल्याचं तेवढं कळवायचं राहिलं."