दुसऱ्या फळीतला मधला

कारंज्यात रऊफभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे गाद्या शिवायची जागा, आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या पंधरा-वीस हॉकी स्टिका. गिऱ्हाइकाला आधी स्टिका दिसतात. भुवयांना कापूस चिकटलेले रऊफभाई नंतर दिसतात.

‘कारंजा स्टार’ ही त्यांची टीम. हे हौशी मंडळ नव्हे, असं ते ओळख होताच सांगून टाकतात. खेळाडूंना मॅचचे पैसे मिळतात. ते डाळमिलवाले बबनराव देतात. बबनरावांना हॉकीतलं काही कळत नाही, पण जर्सीच्या पाठीवर मिलचं नाव असतं आणि ते त्यांना वाचता येतं. अकोला, अमरावती, नांदेड, जिथे खुली स्पर्धा असेल तिथे टीम टेम्पोत बसून जाते. मॅनेजर रऊफभाई, कोच रऊफभाई, निवड समितीही तेच.

दसरा झाला आणि तौकीर पेढे घेऊन दुकानात आला. त्याला पुण्याकडे कारखान्यात नोकरी लागली होती. रऊफभाईंनी पेढा खाल्ला, पाणी प्यायलं आणि विचारलं, “मंग अकोल्याच्या मॅचचं काय?”

“तुमी पाहा ना भाई कोणी,” तौकीर म्हणाला आणि पेढ्यांचा डबा घेऊन पुढच्या दुकानात गेला.

तौकीर सेंटर हाफ होता. पुढे फॉरवर्ड असतात, त्यांच्या मागे दुसरी फळी, आणि त्या फळीत बरोबर मधोमध उभा राहतो तो सेंटर हाफ. बॉल त्याच्याकडून पुढे जातो आणि परत आला की त्यालाच अडवावा लागतो. जिंकलं तर हार फॉरवर्डच्या गळ्यात पडतो. हरलं की लोक सेंटर हाफचं घर कुठे आहे ते विचारतात. अशी जागा कोणालाही देऊन चालत नाही.

खरं म्हणजे अख्ख्या वाशिम जिल्ह्यात या जागेचा एक माणूस होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. अनसिंगचा अशफाक. वय चाळिशीला टेकलेलं, पण बॉल त्याच्या स्टिकला लागला की घरी आल्यासारखा थांबायचा. अडचण एवढीच की अशफाक हा रऊफभाईंच्या बायकोचा, हुस्नाबानोचा, धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा सख्खा साला, आणि दोघांचं सात वर्षं बोलणं बंद होतं.

घरातल्या एका लग्नात रऊफभाईंनी वऱ्हाडासाठी नव्या गाद्या करून दिल्या होत्या. सकाळी अशफाक कंबर धरून उठला आणि नवरदेवाकडच्या पाहुण्यांसमोर म्हणाला, “या गादीत कापूस हाये का ढेकळं?” लोक हसले. रऊफभाईंनी तेव्हा काही म्हटलं नाही, आणि त्यानंतरही काही म्हटलं नाही.

तेव्हा शोध दुसरीकडे सुरू झाला.

आधी ते कामरगावला गेले. तिथला एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पळायला असा की पाहणाऱ्याला दम लागावा. तो मैदानभर पळाला. बॉलही मैदानभर फिरला. दोघांची गाठ काही पडली नाही.

मग केनवडला, बाजाराच्या दिवशी. तिथे किसनसिंग भेटला. तो तांड्यावरचा. खांदे बैलासारखे, हिट अशी की पहिलाच बॉल शेजारच्या तुरीत गेला आणि सापडला नाही. रऊफभाई खूश झाले. त्यांनी तिथेच चहा मागवला.

“दादा, खेळीन मी,” किसनसिंग म्हणाला, “पण दिवाळी झाली का आमची टोळी ऊस तोडाले जाते. माह्या जागी कोयत्यावर तुमचा एखादा फॉरवर्ड पाठवा.”

रऊफभाईंनी आपले फॉरवर्ड एकेक करून डोळ्यासमोर आणले. ऊस तोडू शकेल असा त्यात कोणी नव्हता. चहा पिऊन ते परत आले.

शेवटी बबनरावांनी आपला भाचा पाठवला. करण त्याचं नाव. त्याने जालंधरहून स्टिक मागवली होती. रऊफभाईंनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. स्टिक उत्तम होती. करणला त्यांनी राखीव खेळाडूंत घेतलं.

घरी आले की हुस्नाबानो तव्यावरची पोळी उलटत विचारायची, “मिळाला?”

“पाहून राह्यलो.”

एवढंच. या घरात बोलणं उर्दूत सुरू व्हायचं आणि वऱ्हाडीत संपायचं, पण भावाचं नाव तिने कोणत्याच भाषेत काढलं नाही. रऊफभाईंना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. ती भांडली असती तर नाही म्हणायची सोय झाली असती.

स्पर्धा जवळ आली तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, “वाशिमले जाऊन येतो. कापूस पाहाचा हाये.”

हुस्नाबानोने दोन डबे बांधून दिले.

“दुसरा डबा कोणाचा?”

“कापसाचा,” ती म्हणाली.

वाशिमला उतरून रऊफभाईंनी अनसिंगची जीप धरली. अशफाकचं मोटर वाइंडिंगचं दुकान गावात शिरताच होतं. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे जळालेल्या मोटरी दारापर्यंत आल्या होत्या. माणिकराव नावाचे एक शेतकरी आपल्या मोटरीची वाट पाहत स्टुलावर बसले होते. रऊफभाई त्यांच्या शेजारी बसले. अशफाकने वर पाहिलं, परत खाली पाहिलं आणि तांब्याची तार गुंडाळत राहिला.

“माणिकराव, इचारा त्याहिले, काहून आले?”

माणिकरावांनी विचारलं, “काहून आले जी?”

“त्याले सांगा, अकोल्याची मॅच हाये. सेंटर हाफ पाह्यजे.”

माणिकरावांनी तेही सांगितलं, जरी अशफाक हाताच्या अंतरावर होता.

“म्हणा, आमी ढेकळावर झोपणारे लोक. आमच्यानं का होते?”

“सांगा त्याले, कापूस नवा होता. मी स्वतः पिंजला होता.”

“तुमी दोघंही थांबा,” माणिकराव उठून म्हणाले. “मले माही मोटर द्या. मंग दिवसभर बोला.”

मोटर तयार होती. माणिकराव ती खांद्यावर घेऊन गेले. आता दुकानात दोघंच राहिले आणि निरोप सांगायला कोणी उरलं नाही. रऊफभाईंनी डबा पुढे सरकवला. अशफाकने झाकण उघडलं, वास घेतला, बहिणीच्या हातचा खिमा ओळखला आणि झाकण लावलं.

“गादी कडक होती,” तो म्हणाला.

“गादी कडकच असते. पाठीले चांगली.”

“हे तेव्हा सांगाचं ना.”

“तू इचारलं कुठी? तू तं पाहुण्याहिले सांगितलं.”

अशफाकने डबा आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, “पाहुण्यासमोर बोलाले नाई पाह्यजे होतं.” आणि लगेच, जणू तेवढं पुरे झालं, “येतो मी. पण एक गोष्ट हाये दुल्हेभाई. बाहेरून वरडाचं नाई. मी मधात असलो का बाहेरून कोणी मले शिकवाचं नाई.”

रऊफभाईंना आजवर कोणी इतकं अवघड काही मागितलं नव्हतं. त्यांनी कबूल केलं.

अकोल्यात पहिल्या मॅचला ते लाईनीबाहेर तोंडात रुमाल धरून बसले. अशफाक धावत नव्हता. तो उभा राहायचा आणि बॉल नेमका तिथेच यायचा. मग तो मान न वळवता असा पास द्यायचा की फॉरवर्डला आपणच हुशार आहोत असं वाटायचं. टीम जिंकली. दुसरी मॅचही जिंकली. बबनराव मिलमधली दहा माणसं घेऊन सेमीफायनल पाहायला आले आणि कोणत्या बाजूला टाळ्या वाजवायच्या ते त्यांनी रऊफभाईंना विचारून घेतलं.

सेमीफायनलमध्ये बरोबरी चालली होती. अशफाक एका बॉलवर वळला, पाय मुरमात अडकला आणि तो गुडघा धरून पडला. दुसऱ्याच क्षणी उठायला लागला.

“अशफाक! उठू नको!” रऊफभाई ओरडले. रुमाल कुठे पडला ते त्यांना कळलंही नाही. ते लाईन ओलांडून आत गेले, पंचांनी शिट्टी वाजवली तरी गेले, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. “उठू नको म्हणतो ना. काय करतं मॅच घेऊन?”

अशफाक उठला नाही. दुखत होतं त्यापेक्षा जास्त त्याला आश्चर्य वाटलं होतं. “वरडाचं नाई ठरलं होतं,” तो म्हणाला.

“केस कर माह्यावर.”

त्याच्या जागी करण गेला. टीम एका गोलने हरली. करणच्या स्टिकवर एक ओरखडाही आला नाही.

डॉक्टरांनी महिनाभर पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा अशफाकला कारंज्यालाच आणलं. तो दुकानात पाय लांब करून बसायचा आणि मैदानावर येणाऱ्या पोरांचे व्हिडिओ फोनवर पाहायचा. त्यातला एक मंगरुळपीरचा, वीटभट्टीवर कामाला जाणारा, त्याला बरा वाटला. रऊफभाई म्हणाले, हा लेफ्ट हाफ. अशफाक म्हणाला, मधलाच. त्यावर दोन दिवस कापूस पिंजणं मागे पडलं. पोराला मध्येच उभं केलं. नांदेडला तो एक मॅच चांगला खेळला आणि एक वाईट, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटलं.

आता अशफाक अनसिंगला परत गेला आहे. रोज दिवेलागणीला त्याचा फोन येतो. रऊफभाई मशीन बंद करून बोलत बसतात. हुस्नाबानो शेजारी येऊन उभी राहते, तिला भावाच्या गुडघ्याचं विचारायचं असतं. काही दिवस तिचा नंबर लागतो, काही दिवस लागत नाही.