जमनाआत्याची अढी

“म्हातारी गेली, आता काढा की आंबे,” माझ्या पाठीमागे कोणीतरी हळूच म्हणालं. जमनाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, जाऊन तीन दिवस झाले होते. गंजाडच्या घरात नातेवाईक दाटीने बसलेले, आणि आतल्या खोलीत तिने शेवटची लावलेली अढी... भाताच्या पेंढ्यात थरावर थर रचलेले आंबे पिकत होते. अढीत तिच्याशिवाय कुणी हात घालायचा नाही, हा घरचा कायदा. दुःख खरं होतं, पण वासही खरा होता.

तो कायदा लष्करालाही लागू होता. मी नववीत असताना मे महिन्यात मसोलीहून तिच्याकडे राहायला गेले होते. किनाऱ्यावर उतरवलेली हत्यारं डोंगराकडच्या गावांत लपवलीत, अशी खबर होती म्हणे. एका सकाळी जवान पाड्यात शिरले आणि घराघरातल्या पेंढ्यात लोखंडी सळ्या खुपसत आमच्याकडे पोचले. आत्या अढीपुढे फतकल मारून बसली. जवानांच्या साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“क्या छुपाया है, अम्मा?”

“पोरी, तू इंग्लिश शाळेतली ना? सांग त्याला, आंबे हायेत. सळी लागली तर सगळे नासतील.”

शाळेत भाषणाच्या दिवशी हटकून ताप येणारी मुलगी मी. तोंड उघडलं, आवाज आलाच नाही. माझा चेहरा बघून साहेबांचा संशय दुप्पट झाला. “हटो, अम्मा.”

मग आत्याने स्वतःचं हिंदी काढलं. “देखनेका तो देखो. पन सळी नाय. हात धोके एक-एक निकालनेका, और जैसा था वैसा रखनेका!”

साहेबांनी जवानांना मानेनेच बाहेर जायची खूण केली. जवानांनी अंगणात रांगेने हात धुतले. बंदुका भिंतीला टेकवून ते आंबे काढायला बसले. एकजण म्हणाला, त्याच्या गावी गव्हाच्या भुशात पिकवतात. “म्हणून सडत असतील,” आत्या म्हणाली. पेंढ्याच्या तळाशी हत्यार मात्र निघालं... आधल्या वर्षी हरवलेला तिचा विळा! “बरं झालं बाबांनो, आलात,” म्हणत तिने तो साहेबांच्या हातून काढून घेतला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक आंबा ठेवला. पुढे दर उन्हाळ्यात ती सांगायची, मिलिटरीने रचलेल्या अढीतला एकही आंबा नासला नाही.

आत्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी हे सगळं आठवत होतं, तोवर माझ्या चुलतकाकांचा हात कोपरापर्यंत पेंढ्यात गेलासुद्धा.

“काका, थांबा!” खोलीतले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. “आधी हात धुऊन या. एकेक काढायचा... आणि बाकीचे होते तसे ठेवायचे.”